अतिथीची मोटार आणि यजमानाची वीज

प्रवाशाबरोबर त्याचे वाहनही पाहुणे म्हणून येते, ही गोष्ट बैलगाडीच्या काळातील यजमानाला सांगावी लागत नसे. संध्याकाळी अंगणात गाडी सुटली की, माणसांची पाने मांडण्यापूर्वी बैलांना पाणी दाखविले जाई. पेट्रोलवर चालणारी मोटार आली आणि यजमानाची ही जबाबदारी संपली; मोटारीला रात्री काहीच लागत नसे, आणि जे लागे ते पंपावर मिळे. विजेवर चालणाऱ्या मोटारीने ती जुनी जबाबदारी पुन्हा दारात आणून उभी केली आहे. फरक इतकाच की, कडब्याच्या किती पेंढ्या गेल्या हे डोळ्यांना दिसत असे. वीज किती गेली हे बिल हाती पडेपर्यंत कळत नाही, आणि भिंतीतील तार किती तापली हे तर कित्येकदा कळतच नाही.

छत्तीसगडमधील भिलाई येथे पोलाद कारखान्याच्या वसाहतीत मरोदा हा एक विभाग आहे. तेथून सुटीसाठी पश्चिमेकडे निघणाऱ्या एखाद्या कुटुंबाचा प्रवास उदाहरणादाखल घेता येईल. पूर्वी ६ क्रमांकाचा आणि आता ५३ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग दुर्ग व राजनांदगाव मागे टाकून बागनदीपाशी महाराष्ट्रात शिरतो आणि देवरीवरून कोहमाऱ्यास येतो. तेथून नवेगाव बांधकडे जाता येते. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. नागझिऱ्याचे अभयारण्य १९७० सालचे, नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचे. २०१३ साली ही व शेजारची वने मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. अशा जंगलांच्या कडेला असलेल्या गावांतून कोणी घराच्या दोन खोल्या, कोणी वाडीतील एखादे छोटे घर पर्यटकांना राहण्यास देतो. ‘होमस्टे’ हा शब्द आता तेथेही रुळला आहे. मरोद्याहून निघालेली विजेची मोटार अशा एका घराच्या अंगणात संध्याकाळी येऊन थांबते, आणि पाहुणा सामान उतरविता उतरविता विचारतो, “इथे चार्जिंगला लावता येईल ना?”

या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी यजमानाला थोडे गणित ठाऊक असावे लागते. मध्यम आकाराची विजेची मोटार एका युनिटात साधारणपणे सहा ते आठ किलोमीटर जाते. दीडशे किलोमीटरच्या प्रवासात तिच्या बॅटरीतील वीस-बावीस युनिटे खर्च झालेली असतात. ती भरून काढताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणून घराच्या मीटरवर चोवीस-पंचवीस युनिटे चढतात. महिन्याला शंभर युनिटे जाळणाऱ्या कुटुंबाची ही आठवडाभराची वीज होय. मोटारीबरोबर येणारा सुटा चार्जर पंधरा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटमधून सुमारे सव्वातीन किलोवॅट वीज ओढतो. अर्थात हे काम पुरे होण्यास साडेसात ते आठ तास लागतात. रात्री दहाला सुरू केलेले चार्जिंग पहाटे सहाच्या सुमारास संपते. पहाटेच जंगलाच्या फाटकावर पोहोचू इच्छिणाऱ्या पाहुण्याला हा हिशेब आदल्या संध्याकाळीच सांगितलेला बरा.

आठ तास ही यातील खरी अडचण आहे. इस्त्री किंवा पाणी तापविण्याचा गिझर हीही भरपूर वीज ओढणारी साधने आहेत, परंतु ती थोडा वेळ चालतात आणि मधूनमधून आपोआप बंद होतात. मोटार मात्र रात्रभर, एक क्षणही न थांबता, जवळजवळ पूर्ण क्षमतेने वीज ओढीत राहते. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. सहा अँपिअरसाठी टाकलेल्या तारेतून पंधरा अँपिअर वाहू लागले, तर तीच तार सहापटीहून अधिक तापते. सैल बसलेला प्लग, गंजलेला स्क्रू, तारेला दिलेला हातचा पीळ या जागा तर आणखी तापतात. दहा मिनिटांच्या इस्त्रीत हा दोष लपून राहतो, आठ तासांत तो प्लॅस्टिक वितळवितो. ज्या घराला कौलारू छप्पर आणि सागवानी वासे आहेत, जेथे माळ्यावर गवत किंवा सरपण भरलेले असते, तेथे सारे घर निजलेले असताना हे घडणे म्हणजे काय, ते सांगावयास नको.

सर्वांत वाईट प्रकार पाहुण्याच्या उत्साहातून घडतो. सॉकेट खोलीत आणि मोटार अंगणात, म्हणून खिडकीतून जोडतार बाहेर काढली जाते. मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये बसविण्यासाठी बाजारात मिळणारा जोडही पाहुण्याच्या पिशवीत असतो. जोडतारेचे वेटोळे न उलगडता तसेच ठेवले, तर त्यातील उष्णतेला बाहेर पडण्यास वाव राहत नाही. यजमानाने या बाबतीत भिडस्तपणा दाखवू नये. जोडतार नाही आणि लहान सॉकेटही नाही, हे दोन नकार त्याने आरंभीच द्यावेत. त्याऐवजी मोटार उभी राहते त्याच जागी, पावसापासून आडोसा असलेल्या पेटीत, एक मोठे सॉकेट बसवून घ्यावे. मुख्य पेटीपासून तेथपर्यंत चार चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची स्वतंत्र तार आणावी, तिच्यावर दुसरा कोणताही दिवा अथवा पंखा नसावा, आणि तिला स्वतःचा एमसीबी व विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे तीस मिलिअँपिअरचे साधन असावे. वायरमनचे हे एका दिवसाचे काम आहे. त्याच वेळी घराचा मंजूर भार किती आहे तेही पाहावे. एक-दोन किलोवॅट मंजूर असलेल्या जोडणीवर सव्वातीन किलोवॅटचा पाहुणा रोज उतरणार असेल, तर भार वाढवून घेण्याचा अर्ज आधी करावा.

भूसंपर्काची, म्हणजे ‘अर्थिंग’ची, गोष्ट निराळी आहे. मोटारीचा चार्जर अर्थिंग तपासून पाहतो आणि ते ठीक नसेल तर लाल दिवा लावून चार्जिंग नाकारतो. पुष्कळ घरांत हा दिवा प्रथमच सांगतो की, इतकी वर्षे भिंतीतील तिसरी तार कोठेच जोडलेली नव्हती. अशा वेळी कोणीतरी माहीतगार ती तिसरी तार न्यूट्रलला जोडून चार्जरला फसविण्याची युक्ती सुचवितो. ही युक्ती जीवघेणी आहे. न्यूट्रलची तार कोठे तुटली तर मोटारीचा सारा पत्रा विद्युत्-भारित होऊ शकतो, आणि सकाळी तिचे दार उघडण्यास पहिल्याने धावते ते मूलच असते. विदर्भातील उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा वाळून निकामी होतो, आणि वाघ पाहण्यासाठी गर्दी होते तीही एप्रिल-मे महिन्यांतच. खड्ड्यात पाणी ओतण्याचे जुने काम म्हणून या दिवसांत विसरून चालत नाही.

आता पैशाचा प्रश्न. विजेचे पैसे मागणे अनेक यजमानांना चहाचे पैसे मागण्याइतके ओशाळवाणे वाटते. म्हणून काही जण मागतच नाहीत आणि मनातल्या मनात धुसफुसत राहतात, तर काही जण निघतेवेळी अंदाजाने एखादी रक्कम सांगतात आणि पाहुण्याला ती लूट वाटते. दोघांचीही चूक एकच: मोजमाप केलेले नसते. त्या स्वतंत्र तारेवर एक लहान उपमीटर बसविला की निम्मा वाद मिटतो. दर कसा ठरवावा, हे मात्र समजून घेण्याजोगे आहे. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून बराच चढा, ३०१ ते ५०० पर्यंत आणखी चढा, अशी पायऱ्यांची रचना आहे. घराचा स्वतःचा वापर शंभर युनिटांचा असेल आणि महिन्यात चार रात्री मोटारी भरल्या गेल्या, तर वाढलेली सर्व शंभर युनिटे दुसऱ्या पायरीवर पडतात. बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून सरासरी काढणारा यजमान म्हणूनच तोट्यात जातो. पाहुण्याच्या मोटारीची युनिटे शेवटून मोजावयाची असतात, आणि शेवटच्या पायरीचा दर हाच तिचा दर.

काही ठिकाणी ‘चार्जिंग मोफत’ अशी पाटी लावलेली आढळते. मोठ्या हॉटेलला ते परवडत असेल. दोन खोल्यांच्या घरात मात्र ती वीज शेवटी खोलीच्या भाड्यातूनच निघते, आणि एस.टी.ने आलेला पाहुणा मोटारीने आलेल्याचा प्रवासखर्च भरतो. असे पैसे घेणे कायद्याला धरून आहे काय, अशी शंकाही यजमान विचारतात. २००३ च्या विद्युत् अधिनियमानुसार विजेच्या विक्रीस परवाना लागतो, हे खरे. परंतु केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी असा खुलासा केला की, वाहनाची बॅटरी भरून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, आणि तिला तशा परवान्याची आवश्यकता नाही.

एवढे सगळे केल्यावरही वीज येईलच असे नाही. गावाच्या टोकावरील घरात २३० व्होल्टचा दाब उन्हाळ्याच्या संध्याकाळी पुष्कळ खाली येतो आणि चार्जर मध्येच थांबतो. गावचे पंखे आणि दिवे मंदावले की दाब सुधारतो. पण जेथे कृषिपंपांना रात्रपाळीने वीज मिळते, तेथे मध्यरात्रीही तो पुन्हा घसरतो. यजमान हे वर्षानुवर्षे पाहत आलेला असतो, मोटारवाल्याला त्याची कल्पना नसते. वीज गेलीच तर घरच्या इन्व्हर्टरकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या त्याच्या बॅटरीत पुरती दोन युनिटेही नसतात. एवढ्या विजेत मोटार दहा-बारा किलोमीटर जाईल, आणि सव्वातीन किलोवॅटचा भार पडताच लहान इन्व्हर्टर बंद पडेल तो निराळाच. छतावर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल असेल तर दिवसाला सरासरी बारा युनिटांच्या आसपास वीज मिळते, म्हणजे मोटारीची अर्धी भूक. मुक्काम दोन दिवसांचा असेल आणि दुपारी मोटार उभीच असेल, तर चार्जिंग उन्हातच उरकणे उत्तम.

म्हणून खरे काम पाहुणा येण्यापूर्वीचे आहे. खोली ठरविताना जेवण शाकाहारी की मांसाहारी हे जसे विचारतात, तसेच मोटार विजेची आहे काय, कोठून येणार आणि सकाळी किती वाजता निघणार, हे विचारावे. युनिटचा दर तेव्हाच सांगावा. सॉकेट एकच असेल आणि त्या रात्री दोन मोटारी येणार असतील, तर ज्याचा परतीचा पल्ला लांब त्याला ती रात्र द्यावी. दुसऱ्याला महामार्गावरील जलद चार्जिंगचे ठिकाण सांगावे आणि तेथे पुरेशी बॅटरी भरून घेऊन मगच फाट्याला वळण्याची विनंती करावी. रात्रभरात बॅटरी पूर्ण भरेल असे वचन कोणालाही देऊ नये. मरोद्याला परतण्यासाठी वीस-बावीस युनिटे बॅटरीत असावी लागतात, हे पाहुण्याला ठाऊक असते. वीज रात्री दोनदा गेली होती, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

चार्जिंग लावताना उपमीटरचा आकडा पाहुण्यासमोर वहीत लिहावा, आणि सकाळी काढतानाही तसाच. प्लग उपसण्यापूर्वी पेटीतील बटण बंद करावे. मग प्लगच्या पिना बोटांनी चाचपून पाहाव्यात. त्या कोमट असतील तर चालेल. हात ठेववत नसेल, तर सॉकेट बदलल्यावाचून पुढच्या पाहुण्याला हो म्हणू नये.