नेमबाजीचे पिस्तूल : साधन आणि निगा

आपल्या महाविद्यालयात जिमखान्यामागील लांबट खोलीत नेमबाजीचा सराव चालतो हे पुष्कळांना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या डोळ्यांपुढे ‘पिस्तूल’ या शब्दासरशी चित्रपटातील खलनायकच उभा राहतो. मराठीच्या वर्गातील एका मैत्रिणीने तर, “अरे, तू नेमका कोणावर नेम धरतोस?” असे विचारून सारा वर्ग हसविला होता. तिच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते : १० मीटरवरच्या, शर्टाच्या बटणाएवढ्या वर्तुळावर. त्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि त्याला १० गुण असतात.

नेम कसा धरावा हे सांगणे माझे काम नव्हे. तो अधिकार आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांचा. गेली तीन वर्षे महाविद्यालयाची दोन पिस्तुले पुसणे, मोजणे व त्यांची नोंदवही ठेवणे हे काम माझ्याकडे आहे. त्या कामातून जे कळले तेवढेच येथे मांडतो.

आम्ही वापरतो ते एअर पिस्तूल. त्यात दारू नाही, काडतूस नाही. ४.५ मिलिमीटर व्यासाचा, सुमारे अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा दाबलेल्या हवेच्या जोरावर नळीतून सुटतो. ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला दोघांसाठीही हा प्रकार १९८८ च्या सेऊल स्पर्धेपासून आला. आता दोघांनाही ६० नेम असतात आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर त्यासाठी ७५ मिनिटे मिळतात. पिस्तूल एकाच हाताने, कसल्याही आधाराविना धरावयाचे. नियमाने त्याचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, ते ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, आणि चाप सुटण्यास निदान ५०० ग्रॅमचा जोर लागला पाहिजे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले ते मात्र २५ मीटरच्या प्रकारात. तेथे .२२ च्या काडतुसांचे पिस्तूल असते आणि चापाची मर्यादा १००० ग्रॅम असते. त्या पिस्तुलाची निगा हा वेगळा विषय आहे.

आता थोडे त्रैराशिक करू. कला शाखेच्या वाचकांनी भिऊ नये, शाळेतलेच आहे. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला एक उभी पट्टी असते, तिला माशी म्हणतात. मागच्या टोकाला खाच असते. खाचेच्या बरोबर मध्ये माशी दिसली, तिच्या दोन्ही बाजूंना सारखाच उजेड दिसला आणि दोहोंची वरची कड एका रेषेत आली, म्हणजे नेम जुळला. या दोहोंतील अंतर ३४ सेंटिमीटर धरू. माशी खाचेच्या मध्यापासून केवळ १ मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर छर्रा किती सरकेल? १०,००० भागिले ३४०, म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर. लक्ष्यावरील एका वर्तुळापासून दुसरे ८ मिलिमीटरवर असते. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीने साडेतीन वर्तुळे गेली! उलट माशी आणि खाच जुळलेली असताना सबंध हातच एक मिलिमीटर बाजूला गेला, तर छर्राही एकच मिलिमीटर बाजूला जातो. म्हणूनच नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात की काळ्या गोलाकडे पाहू नकोस, माशीकडे पाहा. काळा गोल धूसर दिसला तरी चालेल.

हेच गणित आणखी एक पाऊल पुढे नेले की साधनाचा प्रश्न उभा राहतो. छर्र्याच्या भोकाची कड रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणून दहा गुणांसाठी छर्र्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला म्हणजे झाले. त्यासाठी माशी-खाचेच्या जुळणीत पाव मिलिमीटरहून किंचित जास्त, म्हणजे साधारण पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, चूक चालते. समजा, मागच्या खाचेचा स्क्रू तेवढाच सैल झाला आहे. डोळ्यांना ते दिसत नाही, हातालाही कळत नाही. छर्रे मात्र कधी डावीकडे, कधी उजवीकडे पडू लागतात. नेमबाजाला वाटते आपले मनगटच बिघडले. तो चाप ओढण्याची पद्धत बदलतो, उभे राहण्याची रीत बदलतो, आणि पंधरा दिवसांत जे अंगात मुरले होते तेही विस्कटून जाते. निगेचे खरे कारण मला हे वाटते. निगा राखलेले पिस्तूल दहा गुण मिळवून देत नाही. सात गुण का पडले हे मात्र ते खरे सांगते. ज्या पिस्तुलाविषयी शंका आहे त्यावर केलेल्या सरावातून काहीच शिकता येत नाही.

मनू भाकर यांच्या बाबतीत टोकियोला जे घडले ते साऱ्या देशाने पाहिले. जुलै २०२१ मधील त्या ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत, दुसऱ्या मालिकेत त्यांच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक चाप बिघडला. दुरुस्तीत कित्येक मिनिटे गेली, घड्याळ चालूच राहिले आणि उरलेले नेम घाईने घ्यावे लागले. त्यांचे ५७५ गुण झाले, स्थान बारावे आले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला त्यांनी याच प्रकारात कांस्यपदक जिंकले आणि सरबजोत सिंग यांच्यासह मिश्र गटात दुसरेही कांस्य मिळविले, तेव्हा पुष्कळांनी त्यांच्या धैर्याचे कौतुक केले. ते योग्यच होते. माझे लक्ष मात्र अजूनही त्या दोन गुणांकडे जाते. जगातील उत्तम पिस्तूल आणि सोबत जाणकार मार्गदर्शक असतानाही असे होऊ शकते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आमची पिस्तुले साधी, यांत्रिक चापाची आहेत. बॅटरी नाही, म्हणून एक काळजी कमी. तरीही स्प्रिंगांचा ताण हळूहळू बदलतो. परीक्षेची पद्धत सोपी आहे. पिस्तुलाची नळी सरळ वर करावयाची, ५०० ग्रॅमचे वजन चापाच्या मध्यावर अडकवावयाचे आणि ते मेजावरून अलगद उचलावयाचे. वजन उचलले जावे, चाप सुटू नये. स्पर्धेत यासाठी तीन प्रयत्न मिळतात. काही हौशी नेमबाज चाप ५०० वर अगदी काठोकाठ बसवितात. मला ते पटत नाही. दहा-वीस ग्रॅम अधिक ठेवल्याने गुण कमी होत नाहीत, स्पर्धेच्या सकाळी काळजाची धडधड मात्र वाचते.

मुठीविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण सामाईक पिस्तुलात खरी अडचण तिचीच आहे. मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते आणि लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते. तळव्याखालचा टेकू वरखाली करता येतो. मात्र मुठीशी त्याचा कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही आणि मनगट मोकळे राहावे लागते. हात मुठीत दर वेळी तसाच्या तसा बसला पाहिजे, ही सारी गोम. आम्ही नऊ जण दोन पिस्तुलांवर सराव करतो आणि दोन्हींच्या मुठी मध्यम मापाच्या आहेत. प्रथम वर्षाच्या एका मुलीचे बोट चापापर्यंत सरळ पोहोचतच नव्हते. ती चाप मागे ओढण्याऐवजी बाजूने दाबी, आणि तिचे छर्रे डावीकडे जात. महिनाभर सगळे तिला “मन लागत नाही तुझे” असे ऐकवीत होते. तिच्या आधी दोन मुली याच कारणाने सराव सोडून गेल्या असाव्यात असे मला आता वाटते. सरांनी खटपट करून लहान मापाची एक मूठ आणवली. पिस्तुलाची किंमत लाखाच्या पुढे जाते; त्या मानाने मुठीचा खर्च थोडा. मूठ बदलण्यास एक स्क्रू आणि दोन मिनिटे लागतात. ती मुलगी आज आमच्या संघात आहे.

मूठ कानशीने घासून आपल्या हाताजोगी करता येते, कमी पडेल तेथे लाकडाची पुट्टी भरता येते. स्वतःच्या पिस्तुलाचे असे जरूर करावे. सामाईक पिस्तुलाच्या मुठीला मात्र कोणी कानस लावू नये. एकाच्या सोयीसाठी खरवडलेले लाकूड बाकीच्या आठांच्या हातात खुपते.

हवेचा सिलिंडर हा सर्वांत दुर्लक्षित भाग होय. पूर्वी दट्ट्या-स्प्रिंगची पिस्तुले होती, नंतर कार्बन डायऑक्साइडची आली. त्या वायूचा दाब उन्हाथंडीबरोबर बदलत असल्याने दाबलेल्या हवेने त्याची जागा घेतली. सिलिंडरात हवा २०० बार दाबापर्यंत भरतात, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या ऐंशी-नव्वद पट. एवढा दाब मांडीवर घेऊन आपण बसतो याचे भान ठेवावे. हवा सावकाश भरावी, कारण भराभर भरली तर ती तापते, काटा २०० दाखवितो आणि थंड झाल्यावर खाली येतो. आपल्या किनाऱ्यावर पाणबुडे वापरतात तशा टाकीतली कोरडी हवा उत्तम. हातपंपाने भरल्यास दमट हवेतील पाणी आत जाते, म्हणून ओल टिपणारी गाळणी लागतेच. भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या मोटारीत कधीही ठेवू नये. सिलिंडराच्या तोंडाशी रबरी कडी असते. तिला फक्त सिलिकोनचे ग्रीज, तेही नावापुरते लावावे. सायकलच्या साखळीचे तेल तेथे लावणे हा धोका आहे, कारण एवढ्या दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकते.

आणखी एक गोष्ट. सिलिंडराला जास्तीत जास्त दहा वर्षांची मुदत असते आणि ती त्याच्यावर कोरलेली असते. मुदत पाहण्याची जबाबदारी नियमाने नेमबाजाची आहे. मुदत संपलेला सिलिंडर घेऊन गेलेला खेळाडू परीक्षकांच्या मेजावरूनच परत येऊ शकतो.

छर्रे सपाट तोंडाचे असावेत, म्हणजे कागदावर स्वच्छ गोल भोक पडते. त्यांची मागची कड कागदासारखी पातळ असते. जमिनीवर पडलेला छर्रा उचलून वापरू नये. शिसे विषारी आहे हे आमच्यातले काही जण विसरतात आणि छर्रे ओठांत धरतात. ही सवय घाणेरडी म्हणून नव्हे, घातक म्हणून सोडावी. सराव संपल्यावर आधी साबणाने हात, मग कँटीनचा वडा, हा आमच्या खोलीचा नियम आहे. लक्ष्यामागची धूळ झाडूने न उडविता ओल्या फडक्याने पुसावी.

नळी साफ करण्याचा अनेकांना फार उत्साह असतो. तो आवरावा. आम्ही साधारण हजार नेमांनंतर फेल्टच्या बोळ्याने नळी पुसतो, तीही छर्रा भरतात त्या बाजूकडून तोंडाकडे, म्हणजे छर्रा जातो त्याच दिशेने. तोंडाकडून लोखंडी गज कधीच घालावयाचा नाही, कारण छर्रा नळीला शेवटचा स्पर्श करतो तो तोंडाच्या कडेला, आणि तेथला बारीकसा ओरखडाही नेम फिरवितो. साफसफाईनंतरचे पहिले काही छर्रे भलतीकडे जातात. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री नळीला हात लावू नये.

आपल्याकडचा पावसाळा आणि खारी हवा यांवर कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत पुरेसे लिहिलेले मला आढळले नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पिस्तूल स्पंजच्या पेटीत बंद ठेवले की स्पंज ओल धरतो आणि आठवड्यात स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस ठिपके येतात. आम्ही पिस्तुले पेटीतून काढून कपाटात ठेवतो, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, आणि बाहेरचे लोखंड तेलाचा हात फिरविलेल्या फडक्याने पुसतो. लाकडी मुठीला मात्र तेलाचे फडके लागू देत नाही. पावसात मूठ किंचित फुगते. तेव्हा तिचा स्क्रू आवळण्याची घाई करू नये.

हे सारे ज्या नोंदवहीत उतरते ती साधी शंभर पानी आहे. तारीख, कोण, कोणते पिस्तूल, किती नेम, सिलिंडरचा दाब, चापाचे वजन आणि काही वेगळे जाणवल्यास एक ओळ, एवढेच तिच्यात असते. गेल्या वर्षी एका पिस्तुलाचे छर्रे खाली पडू लागले, तेव्हा मागच्या पानांवरून दिसले की त्याचा सिलिंडर नेहमीपेक्षा लवकर उतरत होता. रबरी कडी झिजली होती. ती बदलली आणि छर्रे जागेवर आले. वही नसती तर सरावाला येणाऱ्या नऊ जणांना आपापल्या हाताविषयी शंका आली असती.

त्याच वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले आहे की आमच्या दोन सिलिंडरांपैकी एकाची मुदत येत्या डिसेंबरात संपते. नवा आला नाही तर स्पर्धेत एकाच पिस्तुलावर तिघांचा संघ उतरवावा लागेल. तिघांच्या पाळ्या एकाच वेळी आल्या तर दोघे बसून राहतील. कला महाविद्यालयाने असल्या वस्तूंवर खर्च का करावा, असा प्रश्न विचारला गेल्याचे कानावर आले आहे. नव्या पिस्तुलाची मागणी आम्ही केलेली नाही. आहेत ती दोन आणखी काही वर्षे नियमात राहावीत एवढाच अर्ज आहे, आणि तो जिमखाना समितीपुढे ठेवला आहे.

सराव मंगळवारी व शुक्रवारी दुपारी साडेतीनला असतो. नव्यांनी घोट्याखाली राहणारे सपाट तळाचे बूट घालून यावे. घोटा झाकणारे बूट स्पर्धेत चालत नाहीत, तेव्हा सवय पहिल्यापासून केलेली बरी. पहिले दोन दिवस छर्रा मिळणार नाही. वही लिहावयाची, पिस्तूल पुसावयाचे आणि नळीतून भडक रंगाची सुरक्षा-दोरी ओवावयास शिकावयाचे. कपाटाची किल्ली सरांकडे असते.