संवादी फळा आणि शिक्षकाची पूर्वतयारी

खडू आणि फळा ही शाळेची पिढ्यान्‌पिढ्यांची साधने होत. त्यांच्या जोडीला आता संवादी फळा आला आहे. कॅनडातील स्मार्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीने १९९१ मध्ये असा फळा प्रथम बाजारात आणला. संगणकावरील चित्र प्रक्षेपकाद्वारे फळ्यावर पडते; फळ्यास बोटाचा स्पर्श होताच त्याची जागा संगणकाला कळते आणि लिहिलेला मजकूर तत्काळ उमटतो. ही जुळवणी बिघडल्यास बोट एकीकडे व रेघ दुसरीकडे असा प्रकार होतो. म्हणून तासापूर्वी ती तपासणे अगत्याचे असते.

या साधनाचा खरा उपयोग कसा करावा, हे उरण तालुक्यातील शाळांपुरते भरती-ओहोटीच्या पाठावरून सांगता येईल. करंजा, मोरा येथील कोळीवाड्यांतील मुलांना उधाण आणि भांग हे शब्द घरीच मिळालेले असतात. शिक्षकाने प्रथम त्यांचा अनुभव विचारून उधाणाच्या तिथी फळ्यावर लिहून घ्याव्यात. नंतर सूर्य, पृथ्वी व चंद्र यांची चित्रे मांडून एखाद्या विद्यार्थ्यास चंद्र सरकविण्यास सांगावे. अमावास्येला व पौर्णिमेला तिन्ही गोल जवळजवळ एका रेषेत येतात, तेव्हा उधाण येते. अष्टमीच्या सुमारास काटकोन होतो, तेव्हा भांग. अनुभवामागील कारण अशा रीतीने मुलांच्याच हातून उलगडते. तो फळा जतन करून दुसऱ्या दिवशी उजळणीसाठी पुन्हा उघडता येतो.

मात्र केवळ चित्रफिती दाखविण्यापुरता फळा वापरल्यास मुले प्रेक्षकच राहतात. लंडनच्या माध्यमिक शाळांत असे फळे मोठ्या प्रमाणावर बसविल्यानंतरची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षात विद्यार्थ्यांच्या गुणांत त्यामुळे वाढ झाल्याचे तीत आढळले नाही.

दुसरी अट विजेची. याच तालुक्यातील घारापुरी बेटावर समुद्राखालून टाकलेल्या केबलद्वारे वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर तेथील वस्त्यांना सायंकाळी काही तास चालणाऱ्या जनित्राचाच आधार होता. शाळेच्या वेळी वीज नसेल, तर फळा भिंतीची शोभाच ठरणार.

म्हणून खरेदीचा ठराव करण्यापूर्वी ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांनी वीजबिल, दुरुस्ती, खाऱ्या दमट हवेपासून संरक्षण आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांची तरतूद करावी. ती होत नसेल, तोवर साधा फळा व तयारीचा शिक्षक यांवरच भिस्त ठेवणे हिताचे होईल.