विजेची उंची मोटार आणि पहिल्या खेपेचा हिशेब

दाल बाजारात नव्या गव्हाची पहिली गाडी आली की मुहूर्ताचा भाव चढा निघतो. शुभ म्हणून आपण तो देतो. परंतु कोठार त्या मालाने भरीत नाही, कारण पहिल्या मालात ओल असते. विजेवर चालणाऱ्या उंची मोटारींविषयी आपल्या तरुण मंडळींत जी उत्सुकता दिसते, तिचा विचार मी याच रीतीने करतो.

मर्सिडीज-बेंझ कंपनीने पुण्याजवळ चाकण येथे जुळविलेली ‘ईक्यूएस ५८०’ ही मोटार सप्टेंबर २०२२ मध्ये १ कोटी ५५ लाख रुपयांस विक्रीस काढली. त्या वर्षी गव्हाचा आधारभाव क्विंटलला २,०१५ रुपये होता. म्हणजे एका मोटारीत सुमारे ७,७०० क्विंटल गहू! एवढे भांडवल ऐन खरेदीच्या दिवसांत दारात उभे राहणार. विजेच्या मोटारीवर वस्तू व सेवा कर ५ टक्केच आहे, हे खरे; मात्र मोटार पेढीच्या नावे घेतली तरी आपल्यासारख्या व्यापाऱ्यास त्या कराची वजावट मिळत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

सदर मोटारीची बॅटरी १०७.८ युनिटांची असून चाचणीत ती ८५७ किलोमीटर चालली. चाचणी ती चाचणीच. ग्वाल्हेरच्या ज्येष्ठातील उन्हात गाडी आणि बॅटरी थंड राखण्यातच बरीच वीज जाते. घरी ११ किलोवॅटच्या यंत्रावर रिकामी बॅटरी भरण्यास सुमारे दहा तास लागतात; लष्करातील जुन्या घरांना एवढा भार मंजूर आहे काय, हे आधी पाहावे.

पण खरा प्रश्न पहिल्या खेपेचा. जग्वारच्या ‘आय-पेस’ मोटारीच्या अमेरिकेतील २०१९ च्या, म्हणजे तेथील पहिल्याच वर्षाच्या गाड्यांत बॅटरी पेटण्याचा धोका आढळला. २०२४ मध्ये अशा २,७६० गाड्यांच्या मालकांस गाडी घरापासून दूर उभी करावी व बॅटरी ८० टक्क्यांपुढे भरू नये, असे कळविण्यात आले. अखेरीस कंपनीने त्या गाड्या परत विकत घेण्याचे ठरविले. मर्सिडीजचीच ‘ईक्यूसी’ आपल्या देशात ऑक्टोबर २०२० मध्ये ९९ लाख ३० हजारांस आली आणि २०२३ मध्ये तिचे उत्पादन थांबले. उत्पादन थांबलेल्या मालाला पुढचा गिऱ्हाईक कोणत्या भावाने मागतो, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

आमच्या चिरंजीवांचे मन नुकत्याच निघालेल्या अशाच एका मोटारीवर बसले आहे. तिला धूर नाही, म्हणून हिंसा कमी, असे ते म्हणतात. तो धूर सिंगरौलीस निघतो, असे मी म्हणालो, ते हसले. ज्यांनी परिग्रह-परिमाण व्रत घेतले आहे, त्यांनी आपली मर्यादा आधी उघडून पाहावी, हेही मी त्यांना सांगितले. असो.

शेवटी आम्ही विक्रेत्यास तीन प्रश्न लेखी विचारले. बॅटरीची शक्ती किती उरली असता हमी लागू होते? बॅटरी उघडू शकणारी जवळची कार्यशाळा कोठे आहे? हमी संपल्यावर नव्या बॅटरीचे मूल्य काय पडेल? पहिल्या दोहोंची उत्तरे आली आहेत. तिसऱ्याचे येईपर्यंत रक्कम गव्हातच राहील.