बॅटरीवरची छोटी करवत

बालाघाटच्या डोंगरातले बीडचे सीताफळ प्रसिद्ध आहे. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे बीडचे नाव त्या फळाला कायद्याने जोडले गेले. सीताफळाच्या वाळक्या, दाटीच्या फांद्या काढल्या म्हणजे झाडात ऊन-वारा खेळतो. हे काम आपण कुऱ्हाडीने नाहीतर कोयत्याने करत आलो. आता बाजारात बॅटरीवर चालणारी छोटी करवत मिळते. तिला कोणी कटर म्हणतात, कोणी चेन सॉ म्हणतात.

तिला एक लोखंडी पट्टी असते. पट्टीभोवती दातांची साखळी गरगर फिरते. पेट्रोल नको, दोरी ओढायला नको. बटण दाबले की चालू. माणूस फसतो तो इथेच. खेळण्याएवढी दिसते म्हणून तो ती एका हाताने धरतो. कोयता तुमच्या ओळखीचा आहे. तुम्ही वार कराल तेव्हाच तो बसतो. ही करवत तशी नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, की ती एकदम उसळते आणि तोंडाकडे येते. डोळ्याचे पाते लवायच्या आत येते! म्हणून टोकाने कापायचेच नाही. मुठीजवळच्या भागाने कापावे. दोन्ही हातांनी धरावी.

विकत घेताना काय पाहाल? पट्टी ४, ६ किंवा ८ इंचांची असते. ती फांदीच्या जाडीपेक्षा लांब हवी. सीताफळाला ६ इंची पुष्कळ झाली. बाभळीचा बुंधा पाडायचे हे हत्यार नव्हे. दुसऱ्या हाताला धरायला जागा हवी. दोन बटणे दाबल्याशिवाय ती सुरू होता कामा नये. सुटी साखळी आणि धारेची कानस तालुक्याला मिळते का, तेही विचारा.

आता वाचता येते ना? मग बॅटरीवरचा कागद वाचा. कुठे ४८ व्होल्ट लिहिलेले असते, कुठे ८८. अशा पुष्कळ बॅटऱ्यांच्या पोटात सेल असतात पाचच. एक सेल पूर्ण भरला म्हणजे ४.२ व्होल्ट. पाच सेलचे किती झाले? २१. मग ८८ आले कुठून? दुकानदाराला विचाराच.

कामाला लागण्याआधी डोळ्यांना चष्मा लावा, पायांत बूट घाला. धोतराचा सोगा, पदर नीट खोचा. पोरांना लांब ठेवा. वर विजेची तार नाही ना, ते पाहा. शिडीवर चढून किंवा खांद्याच्या वर हात नेऊन कापू नका. फांदी जड असेल तर आधी खालून थोडा काप घ्या, मग वरून कापा. नाहीतर साल खोडापर्यंत सोलत जाते. खालून कापताना करवत आपल्याकडे ढकलते. पाय रोवून उभे राहा.

साखळी अडकली, सैल झाली किंवा तिला तेल द्यायचे असले, तर आधी बॅटरी काढा. नुसते बटण सोडून भागत नाही.

आंबा, चिंच, जांभूळ, चंदन ही झाडे तोडायला १९६४ च्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते. झाड आपल्या बांधावरचे असले तरी लागते.

बॅटरी उन्हात ठेवू नका. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नकोच. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका.

वाचा व उत्तरे द्या :
१. पट्टीच्या टोकाने का कापू नये?
२. बॅटरीत १० सेल एकापुढे एक जोडले, तर किती व्होल्ट होतील?