बिनआरशाचा कॅमेरा व त्याचीं भिंगें

आपल्या शाळेच्या संग्रहांत स्नेहसंमेलनांचीं, सामन्यांचीं व सहलींचीं शेंकडों छायाचित्रें आहेत. परंतु ज्यांनीं तीस वर्षें शाळेची घंटा दिली, त्या आमच्या शिपाईदादांचें घंटेजवळ उभे असतांनाचें छायाचित्र त्यांत नाहीं. निवृत्तीच्या दिवशीं शेवटची घंटा त्यांनीं नेहमींपेक्षां किंचित् लांबविली. मी व्हरांड्यांत उभा होतों आणि माझा कॅमेरा घरीं कपाटांत होता. कारण तीन भिंगांसह त्याची पिशवी तीन किलोंहून अधिक भरे, व ती रोज वाहून आणण्याचा मला कंटाळा असे. त्या दिवशीं मला जो धडा मिळाला, तो तुम्हांस व तुमच्या पालकांस सांगावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

माझा जुना कॅमेरा एसएलआर जातीचा होता. त्याच्या पोटांत, भिंगाच्या मागें, पंचेचाळीस अंशांत तिरपा आरसा असतो. भिंगांतून आलेला प्रकाश हा आरसा वर पाठवितो. तो घांसलेल्या कांचेवर पडून लोलकांतून वळतो आणि आपल्या डोळ्यास चित्र दिसतें. कळ दाबतांच आरसा वर उचलला जातो व प्रकाश मागील सेन्सरवर पडतो. आरशास हालण्यास जागा हवी, म्हणून भिंगाची बैठक सेन्सरपासून दूर ठेवावी लागते. निकॉन कंपनीच्या १९५९ सालच्या ‘एफ’ बैठकींत हें अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. आरसा गाळून त्याच कंपनीनें २०१८ सालीं जी ‘झेड’ बैठक काढली, तींत तें अवघें १६ मिलिमीटर आहे. पॅनासॉनिक व ऑलिंपस यांनीं २००८ सालीं जाहीर केलेल्या ‘मायक्रो फोर थर्ड्स’ पद्धतींत तें सुमारें १९ मिलिमीटर आहे. अशा कॅमेऱ्यांस मिररलेस म्हणतात.

यांत लाभ आहे, तशी हानिही आहे. सेन्सरवर पडलेलें चित्रच पडद्यावर दिसत असल्यामुळें तें काळवंडेल कीं पांढुरकें होईल, हें कळ दाबण्यापूर्वींच समजतें. बैठक जवळ आल्यामुळें मध्यें एक कडें बसवून जुनीं भिंगेंही वापरतां येतात. मात्र त्यांपैकीं पुष्कळ हातानेंच फिरवून स्पष्ट करावीं लागतात. उलटपक्षीं, पडदा सतत पेटलेला असल्यानें बॅटरी लवकर संपते. म्हणून एक जास्तीची बॅटरी खिशांत ठेवावी.

कॅमेरा लहान झाला म्हणजे ओझें गेलें, असें मात्र समजूं नये. लहान पेटीस मोठें भिंग जोडलें, तर पिशवी पूर्वींइतकीच जड होते. सेन्सर जितका मोठा, तितकीं त्यास साजेशीं भिंगें सामान्यतः मोठीं. मोठा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा, तर मायक्रो फोर थर्ड्सचा १७.३ × १३ मिलिमीटरचा असतो. क्षेत्रफळ काढून पाहा: दुसरा पहिल्याच्या जवळजवळ चतुर्थांश भरतो. लहान सेन्सरवर एकंदर प्रकाश कमी पडतो, म्हणून अंधारांत त्याचें चित्र अधिक खरबरीत येतें. हलकेपणाची ही किंमत आहे, व ती जाणून द्यावी.

आतां भिंगांची निवड. भिंगावर मुख्यतः दोन आंकडे असतात. पहिला नाभीय अंतराचा. मोठ्या सेन्सरवर ५० मिलिमीटरचें भिंग जेवढा देखावा टिपतें, तेवढाच टिपण्यास एपीएस-सी जातीस सुमारें ३३ व मायक्रो फोर थर्ड्सला २५ मिलिमीटरचें भिंग पुरतें. म्हणजे ५० ला अनुक्रमें दीड व दोन यांनीं भागावें.

दुसरा आंकडा नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासानें भागून येतो. २५ मिलिमीटरच्या भिंगाचा हा आंकडा १.८ असेल, तर छिद्राचा व्यास सुमारें १४ मिलिमीटर; ५.६ असेल, तर सुमारें साडेचार. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत येत असल्यामुळें पहिल्यांतून दुसऱ्याच्या जवळजवळ दसपट प्रकाश येतो. सायंकाळीं सभागृहांत जें चित्र पहिल्यानें सेकंदाच्या साठाव्या भागांत मिळेल, त्यास दुसऱ्यानें सुमारें सहावा भाग लागेल. तेवढ्यांत बोलणाऱ्या मुलाचा चेहरा हालून जातो.

मग कोणतें भिंग घ्यावें? दुकानदारास विचारण्यापूर्वीं आपल्याच चित्रांस विचारावें. प्रत्येक डिजिटल चित्राबरोबर तें काढतांनाचें नाभीय अंतर नोंदलेलें असतें. मीं माझीं वर्षभराचीं सुमारें चारशें चित्रें तपासलीं. त्यांपैकीं तीनशेंहून अधिक चित्रें माणसांपासून चार-पांच पावलांवरून, मध्यम अंतराच्या भिंगानें काढलेलीं होतीं. सर्वांत जड व महाग असें माझें दूरचें भिंग त्या वर्षांत केवळ अकरा वेळां उपयोगास आलें होतें! मीं तें विकलें, आणि मायक्रो फोर थर्ड्सचा लहान कॅमेरा, त्याच्याबरोबर मिळणारें छोटें झूम भिंग व २५ मिलिमीटरचें १.८ चें एक भिंग घेतलें. सर्व मिळून वजन एक किलोहून कमी आहे. मात्र ज्यास पक्ष्यांचा किंवा क्रिकेटचा नाद आहे, त्याची गणना निराळी येईल. त्यानें दूरचेंच भिंग घ्यावें.

पालकांस एक विनंति. मुलानें कॅमेरा मागितला, तर प्रथम घरांतील मोबाईलनें सहा महिने चित्रें काढूं द्या. उजेडांतील साध्या चित्रांस तो पुरेसा असतो. कोठें अडतें, हें मुलास स्वतः सांगतां आलें, म्हणजेच पैसे खर्चावे. आणि पेटीपूर्वीं भिंगांचा विचार करावा, कारण एका कंपनीचीं भिंगें बहुधा दुसरीच्या बैठकीवर बसत नाहींत.

यंदाच्या संमेलनास शिपाईदादा आले होते. कॅमेरा माझ्या दप्तरांतच होता. मीं त्यांस घंटेजवळ उभें करून चित्र काढलें. तें चांगलें आलें. पण घंटा त्या दिवशीं दुसऱ्यानें दिली होती. मुलांनो, तुमच्या घरींही कोणी रोज एखादें काम मुकाट्यानें करीत असेल. त्यांचें चित्र आजच काढा.