शर्टाचा गळा

करोंदच्या माझ्या दवाखान्यात आलेल्या एका निवृत्त गृहस्थांना मान वळवली की अंधारी येई. एकदा ते रस्त्यात पडलेही. ई.सी.जी. निर्दोष होता. मेंदूच्या तपासण्या लिहून देण्याच्या बेतात असताना त्यांनी शर्टाचे वरचे बटण काढले आणि मानेवर लाल वळ दिसला. मानेतील कॅरोटिड सायनसवर दाब आला की काहींची नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. मोठ्या गळ्याचे शर्ट घेतल्यावर त्यांची अंधारी थांबली.

शर्ट निवडताना खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी यावी. पोटाचा घेर शिंपी सहज आत घेतो, खांद्यापुढे मात्र तोही हात टेकतो. बाही मनगटापर्यंत असावी. गळ्याचे माप कंठमण्याखाली घ्यावे आणि बटण लावल्यावर दोन बोटे आत शिरावीत. सुती कापड धुण्यात आटते, तेवढी सैल जागा आधीच ठेवावी.

नेहमीचा गळा विनाकारण घट्ट होऊ लागला, तर वाढत्या वजनाबरोबर थायरॉइडही तपासावी. सैल झाला, तर मधुमेह आणि क्षय आठवावेत. घोरणाऱ्या पुरुषाच्या मानेचा घेर 40 सेंटीमीटरहून अधिक असेल, तर झोपेतील श्वासरोधाची शंका घ्यावी. हल्ली मी वजनासोबत शर्टाचा नंबरही विचारतो.