३२४, ३२७ आणि आपण

अमेरिकेत लोक आपापल्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा इतिहास कौतुकाने सांगतात, अगदी १८६९ च्या रटगर्स-प्रिन्स्टन सामन्यापासून. आपल्याला कुणी मुंबई विद्यापीठाच्या टीमबद्दल विचारलं तर? आपण गप्प! भिवंडीत शिकत असलो तरी डिग्री मुंबई विद्यापीठाची, म्हणजे टीमही आपलीच. म्हणून हा लेखप्रपंच.

आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५ साली सुरू झाला. टीव्ही नव्हता, लीग नव्हती. रणजी संघात जायचं तर कॉलेजच्या मैदानावर धावा काढणं हा राजमार्ग. पॉली उम्रीगर आपल्या विद्यापीठाचे कप्तान होते. १९४८ मध्ये संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्यांनी वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद ११५ काढल्या आणि त्याच हंगामात ते कसोटी खेळले.

पुढचं नाव अजित वाडेकर. त्यांना व्हायचं होतं इंजिनियर! बसमध्ये सीनियर बाळू गुप्ते यांनी विचारलं, कॉलेज टीममध्ये बारावा गडी होतोस का? भत्ता तीन रुपये. वाडेकर हो म्हणाले. पुढे विद्यापीठाकडून त्यांनी एका डावात ३२४ धावांचा विक्रम केला. तो मोडला याच विद्यापीठाच्या सुनील गावसकरने, १९७०-७१ मध्ये ३२७ काढून. गंमत पुढेच आहे. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात वाडेकर कप्तान आणि गावसकर नवखा. त्याने चार कसोटींत ७७४ धावा केल्या आणि भारताने तिथे पहिल्यांदा मालिका जिंकली.

आता ही वाट अरुंद झाली आहे. वयोगटाच्या स्पर्धा आणि २००८ पासून आयपीएल, त्यामुळे निवड समितीचं लक्ष कॉलेजकडे कमीच. पण मला वाटतं, खरी अडचण आपल्याकडेही आहे. निवड चाचणीची नोटीस लागते तेव्हा सबमिशन, व्हायवा आणि हजेरीची भीती आठवते. चांगला बॉलर जर्नल पूर्ण करत बसतो.

‘इंजिनियरिंग की खेळ’ हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रसन्ना १९६२ च्या दौऱ्यानंतर इंजिनियरिंग पूर्ण करायला थांबले आणि जवळजवळ पाच वर्षांनी कसोटीत परतले. वेंकटराघवन, श्रीकांत, कुंबळे हेही इंजिनियरच. डिग्री थांबली नाही, खेळही सुटला नाही.

तेव्हा पुढची नोटीस लागली की नाव द्या. सगळेच गावसकर होणार नाहीत, मान्य. पण स्कोअरशीटवर आपल्या कॉलेजचं नाव तरी लागेल. आणि हो, बारावा गडी म्हणून बोलावलं तरी नाही म्हणू नका!